आधी मासा, मग तंगूस, शेवटी काठी: कोल्हापुरात नव्यानं गळ टाकणाऱ्यांसाठी

दिवाळी सरत आली की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले जातात. पंचगंगेचं वाहतं पाणी तुंबतं, निवळतं आणि काठावर गळ घेऊन बसणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. गेल्या हंगामात अशाच एका बंधाऱ्यावर कॉलेजात जाणारा एक मुलगा शेजारी येऊन बसला. हातात नऊ फुटांचा जाडजूड रॉड, त्यावर ६००० नंबरचं रीळ, ४० पौंडी तंगूस (गळाची दोरी), सगळं कोरं करकरीत. साडेसहा हजार रुपये मोजले होते त्यानं. दोन तासांत त्याचं खाद्य वीसेक वेळा कुरतडून गेलं, मासा एकही लागला नाही. पलीकडं बांबूची काठी घेऊन बसलेल्या मामांच्या पिशवीत मात्र सात-आठ चिलापी (तिलापिया) होत्या.

"मामा, माझ्याच गळाला का लागंनात?"

"आरं पोरा, तुझा गळ त्याच्या तोंडात तरी मावंल का? आधी मासा बघ, मग सामान घे."

दुकानात नेमकं उलटं होतं. आपण आधी रॉड हातात घेतो, तो आवडला की त्यावर बसणारं रीळ मागतो, रिळात भरायला दुकानदार देईल तो तंगूस घेतो आणि मग मासा शोधत नदीवर जातो. पैसे तिथंच वाया जातात. खरा क्रम आहे मासा, तंगूस, रीळ आणि शेवटी रॉड. हा क्रम धरला तर तीन हजार रुपयांत कोल्हापूरच्या पाण्यातले बहुतेक मासे धरता येतील असा संच होतो.

पायरी १: पाणी आणि मासा ठरवा

आपल्या भागात पाण्याला तोटा नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते आणि ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वर राधानगरी आणि काळम्मावाडीसारखी धरणं, मध्ये जागोजागी बंधारे, गावोगावी तळी आणि शेततळी. घरापासून अर्ध्या-पाऊण तासात पोचता येईल असं एक पाणी निवडा आणि पहिले दोन महिने तिथंच बसा. तिथल्या जुन्या माणसांना विचारा: इथं काय लागतं, केवढं लागतं, कशावर लागतं.

परवानगीचं मात्र आधी बघा. धरणांचे आणि बऱ्याच तलावांचे मासेमारीचे हक्क मत्स्य सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात. संस्थेनं विकत घेऊन सोडलेल्या मत्स्यबीजावर त्यांचं पोट असतं, म्हणून न विचारता बसणं ही चोरीच. संस्थेच्या माणसाला भेटून विचारलं तर बऱ्याचदा रीतसर वाट निघते. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीतल्या पाण्यात गळ टाकायचाच नाही.

मासा ठरला की त्याच्याबद्दल तीन गोष्टी माहीत हव्यात: वजन किती, तोंड कसं आणि लागल्यावर तो कुठं पळतो. वजनावरून तंगूस ठरतो, तोंडावरून गळाचा नंबर आणि रॉडची लवचीकता. मासा दगडात किंवा पाणवनस्पतीत घुसणारा असेल तर सगळं एक पायरी जाड घ्यावं लागतं.

पायरी २: तंगूस

साधा नायलॉनचा तंगूस, ज्याला मोनो म्हणतात, तो थोडा ताणला जातो. नवख्याला हा ताण वाचवतो, कारण मासा अचानक झटका देतो तेव्हा हाताची चूक तंगूस सोसतो. विणलेला तंगूस, म्हणजे ब्रेड, तेवढ्याच ताकदीला पुष्कळ बारीक असतो आणि अजिबात ताणला जात नाही. त्यामुळं तो लांब जातो आणि हलका ठोकाही हाताला कळतो. पण दगडावर घासला की लवकर तुटतो, आणि आपल्या बंधाऱ्यांवर तर दगडच दगड. पहिला संच मोनोचाच करा. ब्रेड फक्त मरळीसाठी, त्याबद्दल पुढं सांगतो.

पौंड हा तंगूस किती ओढीला तुटतो त्याचा आकडा; १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो. पण १० पौंडी तंगुसावर साडेचार किलोचाच मासा निघतो असं नाही. ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा तंगूस सुटू देणारा रिळातला ब्रेक, नीट लावला आणि समोर मोकळं पाणी असलं तर त्याहून मोठा मासाही दमवून काढता येतो. स्वस्त तंगुसाच्या पुड्यावरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. घरी आणून एक टोक ताणकाट्याला बांधा आणि तुटेपर्यंत ओढा. काटा जो आकडा दाखवेल तो खरा. गाठ मारताना ती थुंकीनं ओली करूनच आवळा. कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि मासा नेमका तिथंच तंगूस तोडतो.

पायरी ३: रीळ

स्पिनिंग रिळात स्पूल, म्हणजे तंगूस भरायची फिरकी, स्थिर राहतो आणि त्याच्याभोवती तारेची कमान फिरून तंगूस गुंडाळते. शिकायला हेच सर्वात सोपं. आकार नंबरावरून कळतो: १००० लहान, २५०० ते ३००० मध्यम, ४००० ते ५००० मोठं. नंबर कंपनीगणिक थोडा मागंपुढं होतो, म्हणून स्पूलवर छापलेला आकडा वाचायची सवय लावा. ०.२५–१६० असं लिहिलं असेल तर ०.२५ मिलिमीटर जाडीचा १६० मीटर तंगूस त्यात मावतो. नदीवर १०० ते १५० मीटर पुरे.

खोक्यावर बेअरिंग किती आहेत हे मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि नवखा माणूस तिथंच फसतो. दहा हलक्या बेअरिंगपेक्षा तीन चांगल्या बऱ्या. स्वस्त रीळ घेताना आकडे बाजूला ठेवा आणि दुकानातच पाच गोष्टी करून बघा.

हँडल हळूहळू फिरवा. कुठं खरखर किंवा अडखळ जाणवली तर ते रीळ खाली ठेवा. हँडल धरून उलटं ढकला. ते जागच्या जागी थांबलं पाहिजे, बोटभर मागं येता कामा नये. कमान उघडून मिटा. ती ठाम आवाजात मिटली पाहिजे. कमानीच्या टोकाला जिथून तंगूस वळतो, तिथली छोटी घिरटी नखानं फिरवा. फिरत नसेल तर ते रीळ फुकट मिळालं तरी घेऊ नका, कारण अडकलेली घिरटी तंगूस पिळते आणि कातते. शेवटी ड्रॅग. तंगूस बांधून मुठीत धरून ओढ द्या आणि स्पूल कसा सुटतो ते बघा. आधी अडकून मग एकदम धक्क्यानं सुटत असेल तर मोठा मासा तोडून जाणार. सुरुवात मऊ आणि शेवटपर्यंत सारखी ओढ, एवढंच ड्रॅगकडून हवं. किती किलोचा ड्रॅग आहे याला आपल्याकडं फारसं महत्त्व नाही. नदीत तीन किलोच्या वर ड्रॅग लावायची वेळ क्वचितच येते.

गिअरचा आकडा ५.२:१ असा लिहिलेला असतो, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात कमान पाचएक वेळा फिरते. पाचच्या आसपासचं कुठलंही रीळ चालेल.

मी पहिलं रीळ घेतलं तेव्हा दुकानदारानं ही तपासणी करू दिली नव्हती, खोकं सीलबंदच द्यायचं म्हणून अडून बसला. घरी उघडलं तर घिरटी गच्च. तेव्हापासून जो हातात देऊन फिरवू देईल त्याच्याकडूनच घेतो, मग शंभर रुपये जास्त का जाईनात. ऑनलाइन मागवणार असाल तर परत घेण्याची मुदत बघा आणि खोकं उघडल्या उघडल्या या पाचही गोष्टी करा. शिमानो, दाइवा, ओकुमा यांची सर्वात खालच्या किमतीची रिळंही नवख्याला पुष्कळ झाली. आकडे फुगवलेल्या अनोळखी नावापेक्षा ती बरी, असं माझं मत आहे.

पायरी ४: रॉड

हँडलच्या वर रॉडवर सगळं लिहिलेलं असतं: लांबी, ताकद, किती पौंडी तंगूस चालेल, किती ग्रॅमचं वजन फेकता येईल. ताकद अक्षरांत असते. एल म्हणजे हलका, एम म्हणजे मध्यम, एमएच म्हणजे मध्यमपेक्षा जड, एच म्हणजे जड. आपल्या तंगुसाचा आणि गळ बुडवायच्या शिशाच्या वजनाचा आकडा रॉडवरच्या मर्यादेत बसतो का, एवढं तपासलं की निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे रॉड कुठून वाकतो. नुसता शेंडा वाकणारा फास्ट, निम्म्यापर्यंत वाकणारा मध्यम. फास्ट रॉड गळ कडक तोंडात रुतवायला चांगला. मध्यम रॉड मऊ ओठांच्या रोहूसाठी चांगला, कारण तो झटके पोटात घेतो आणि ओठ फाटू देत नाही.

ग्लास फायबरचा रॉड जड असतो, पण आपटला तरी टिकतो. कार्बनचा हलका आणि संवेदनशील, पण काठावरच्या दगडावर आपटून चिरला तर पुढच्या मोठ्या माशाला मोडतो. स्वस्तात दोन्हीचं मिश्रण मिळतं, ते घ्या. कार्बनमधून वीज वाहते हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. आपल्या नदीकाठांवर उसाला पाणी देणाऱ्या मोटारींच्या तारा डोक्यावरून गेलेल्या असतात. गळ फेकण्याआधी मान वर करून बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. तार दिसली तर जागा बदला, वीज गडगडली तर रॉड खाली ठेवून लांब जा.

दुकानात रॉडच्या प्रत्येक कडीत कापसाचा बोळा फिरवा. कडी आतून चिरलेली असेल तर कापसाचे तंतू अडकतात. तीच चीर पुढं तंगूस कापते. मग डोळ्याला लावून बघा, सगळ्या कड्या एका रेषेत हव्यात. दुर्बिणीसारखा मिटणारा टेलिस्कोपिक रॉड मोटारसायकलवर न्यायला सोयीचा वाटतो, पण स्वस्तातल्या अशा रॉडच्या कड्या फिरतात आणि शेंडा लवकर जातो. सात फुटांचा दोन तुकड्यांचा रॉड सुटा केला की साडेतीन फुटांचाच होतो, गाडीला आरामात बांधता येतो. मी तोच घ्यायला सांगेन.

पायरी ५: माशाप्रमाणे जोडी

चिलापीपासून सुरुवात करा. पाव किलो-अर्ध्या किलोचा मासा, तोंड लहान, पण ताकद चांगली. ६ ते ८ पौंडी मोनो, १००० ते २००० चं रीळ, सहा-साडेसहा फुटांचा हलका रॉड, ८ किंवा १० नंबरचा गळ. गळाचा नंबर जेवढा मोठा तेवढा गळ लहान, हे नवख्यांना माहीत नसतं. १ च्या पुढं १/०, २/० असे मात्र मोठे होत जातात. गांडुळाचा लहान तुकडा लावा, पूर्ण गांडूळ लोंबकळत ठेवलं तर टोक कुरतडून मासा निघून जातो.

रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) हे खरे खेळवणारे मासे, आणि बहुतेक जण यांच्यासाठीच नदीवर येतात. इथं पाण्याच्या थरांचं भान हवं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. त्यामुळं तरंड्याखाली, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बोंडाखाली, तंगूस किती सोडायचा हे मासा बघून ठरतं. सायप्रिनसही तळ उकरत फिरतो. १० ते १५ पौंडी मोनो, ३००० ते ४००० चं रीळ, आठ-नऊ फुटांचा मध्यम वाकणारा रॉड, ४ ते ६ नंबरचा गळ. शेंगपेंड आणि भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ मळून केलेला गोळा खाद्याला. थोडं खाद्य आधी त्याच जागी टाकून अर्धा तास शांत बसलं तर मासा जमतो. पहिली धाव जोराची असते. ती अडवायची नाही, ड्रॅगवर जाऊ द्यायची. ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवू नका; प्रत्येक फेऱ्याला तंगुसाला पाचएक पीळ पडतात आणि संध्याकाळी तंगुसाची नुसती गुंतवळ हातात येते.

मरळ हा वेगळाच खेळ आहे. उथळ, वनस्पती माजलेल्या पाण्यात ती दबा धरून असते आणि हवा घ्यायला वर येते, तेव्हा पाण्यावर वर्तुळ उठतं. तोंड हाडाचं, दात धारदार, आणि लागली की थेट वनस्पतीत घुसते. म्हणून इथं ३० पौंडी ब्रेड, ३००० चं रीळ, सात फुटांचा एमएच ताकदीचा फास्ट रॉड. रबरी बेडूक पाण्यावरून हळूहळू ओढत आणा. मरळीनं झडप घातली तरी लगेच खेचू नका, एक श्वास थांबा, तिला बेडूक तोंडात घेऊ द्या, मग जोरात. ब्रेड भरताना आधी स्पूलवर थोडा मोनो गुंडाळा, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर सगळा ब्रेड घसरत फिरतो. पावसाळ्यात पिलांचा लालसर थवा पाण्यावर खदखदताना दिसला तर खाली आई-बाप राखण करत असतात. त्या वेळी बेडूक टाकला तर मरळ हमखास येते, आणि म्हणूनच तो टाकायचा नाही. आई-बाप काढले की थोड्याच वेळात ती सगळी पिलं दुसऱ्यांच्या पोटात जातात.

शिवडा आणि शिंगाडा हे मिशांचे मोठे मासे रात्री फिरतात, तळाशी, खोल डोहात. शिवड्याच्या तोंडात बारीक दातांच्या रांगा असतात, म्हणून गळाच्या आधी दोन-अडीच फूट ४० पौंडी जाड मोनोचा तुकडा, म्हणजे लीडर, लावा. मुख्य तंगूस २० ते २५ पौंडी, रीळ ४००० ते ५०००, आठ फुटांचा एमएच रॉड, गळ २/० ते ४/०. शिंगाड्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा वाईट, जाड फडक्याशिवाय हात लावू नका. वाम दगडांच्या फटीतून खाते आणि तिथंच परत घुसते. १५ पौंडी तंगूस, गांडूळ आणि लागताच न थांबता ओढणं, एवढंच.

कधी महसीर लागला तर तो सोडून द्या, मी हे विनंतीनं सांगतो. नद्या अडल्या, वाळू उपसली गेली, त्यात या माशाची जागा आक्रसत गेली. गळाचा उलटा काटा पकडीनं आधीच दाबून ठेवला तर मासा पाण्यातच क्षणात सुटतो. थाई मांगूर लागला तर मात्र तो परत पाण्यात सोडू नका. तो बाहेरचा मासा आपले मासे खाऊन टाकतो आणि त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरून कोकणात जाणार असाल तर खाडीत मुडदुशीला चिलापीचाच संच चालतो. तांबोशी आणि जिताड्याला शिवड्याचा. घरी आल्या आल्या रीळ गोड्या पाण्यानं हलकं धुवा आणि पुसा, ड्रॅग आवळलेला ठेवून, म्हणजे पाणी आत जात नाही.

एवढे संच एकदम घ्यायचे नाहीत. एकच घ्यायचा असेल तर सात फुटांचा मध्यम रॉड, २५०० किंवा ३००० चं रीळ आणि १० पौंडी मोनो. यावर चिलापीही लागते, दोन-तीन किलोचा रोहूही निघतो. तीन हजारांपैकी मी रिळाला दीड हजार, रॉडला हजार आणि उरलेल्या पाचशेत तंगूस, गळ, शिसं, तरंडे असे वाटतो. काटकसर करायचीच तर रॉडमध्ये करा, रिळात नको.

पायरी ६: घरी जुळवणी

स्पूल काठोकाठ भरू नका. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. जास्त भरला तर वेटोळी एकदम सुटून गुंता होतो, कमी भरला तर लांब जात नाही. भरताना तंगूस ओल्या फडक्यातून ताणून घ्या.

ड्रॅग लावायला पाण्याच्या दोन बाटल्या पुरतात, एक लिटरची आणि दीड लिटरची. तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ओढीला ड्रॅग सुटला पाहिजे. १० पौंडीला ते साधारण १.१ ते १.५ किलो होतं. तंगूस सगळ्या कड्यांतून ओवून बाटलीला बांधा, रॉड तिरका धरून उचला. एक लिटरची भरलेली बाटली उचलली जावी, दीड लिटरची उचलताना ड्रॅग सुटावा. तेवढा लावा आणि नदीवर जाऊन घाबरून आवळू नका.

गळ फेकल्यावर कमान हातानं मिटा, हँडलच्या झटक्यानं नाही. यानं पीळ कमी पडतो आणि कमानीची स्प्रिंगही टिकते. मासा काठाला आला की रॉडनं उचलायचा नाही. रॉड सरळ उभा करून मासा उचलताना जेवढे शेंडे मोडलेले मी पाहिलेत, तेवढे कशानंच मोडत नाहीत. हातजाळी घ्या.

पायरी ७: काठावर

पावसाळ्यात नदीवर जाऊ नका. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि खाली भोगावतीचं पाणी चढतं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, पण काठावरचा चिखल त्याच्या कितीतरी आधी पायाखालून सरकतो. शिवाय हे दिवस चढणीच्या माशांचे. गाभोळीनं भरलेली मादी काढली तर पुढच्या वर्षीचा हंगाम आपणच काढून घेतो. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात मगरी आहेत. तिथं पाण्यात उतरून गळ टाकू नका, मासा धुवायलाही काठाला वाकू नका. पंचगंगेत मासे मेल्याच्या बातम्या असतील त्या दिवसांत तिथला मासा घरी नेऊ नका.

तुटलेला तंगूस काठावर सोडू नका. पाणकावळ्याच्या पायाला गुंडाळलेला तंगूस मी एकदा कात्रीनं सोडवलाय, त्याच्या पायाचं कातडं सोलून निघालं होतं. खिशात एक जुनी बाटली ठेवा आणि तुकडे तिच्यात भरून घरी आणा.

घरी आल्यावर रॉड भिंतीला टेकवून वाकवत ठेवू नका, आडवा ठेवा. रीळ सुकलं की ड्रॅग पूर्ण सैल करा. आवळून ठेवलेल्या ड्रॅगच्या आतल्या चकत्या दबून बसतात आणि पुढच्या खेपेला धक्क्यानं सुटतात.